चिठ्ठ्या गोळा केल्या तेव्हा सात फायनल बाकी होत्या

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री उशिरा

प्रिय पैलवान,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू विचारलंस, "पोरगं तिकडं कुस्ती खेळतंय म्हणे, पण तिथं इनाम कोण लावतं?" तेव्हा कामाच्या गडबडीत धड सांगता आलं नाही. काल दिवसभर एका शाळेच्या स्पर्धेत होतो, गुणलेखकांच्या टेबलावर. तिथं जे बघितलं ते डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी इथली रीत. शाळेच्या मोठ्या जिममध्ये सहा गाद्या अंथरतात आणि सकाळपासून रात्रीपर्यंत सोळा शाळांची पोरं लढतात. १०६ पौंडांपासून २८५ पौंडांपर्यंत चौदा वजनगट, म्हणजे आपल्या हिशोबानं ४८ किलोपासून १२९ किलोपर्यंत. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. दोन्ही खांदे दोन सेकंद गादीला दाबून धरले की चितपट. नाहीतर गुणांवर निकाल, आणि १५ गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती थांबवतो. असे चौदा विजेते ठरतात आणि त्यातल्या एकाला स्पर्धेचा 'आउटस्टँडिंग रेसलर', म्हणजे सगळ्यांत उठून दिसलेला पैलवान, निवडतात. पोरं त्याला नुसतं 'ओ. डब्ल्यू.' म्हणतात. काही ठिकाणी हलक्या वजनांतून एक आणि भारी वजनांतून एक असे दोन निवडतात.

कमीत कमी वेळात जास्तीत जास्त चितपट करणाऱ्यालाही एक पुरस्कार असतो, पण त्यात भांडण नाही. संगणक वेळ जोडतो आणि नाव सांगतो. ओ. डब्ल्यू. मात्र मतानं ठरतो, आणि मत कुणाचं हे जी ती स्पर्धा आपापलं ठरवते. कुठं प्रशिक्षक, कुठं पंच, कुठं पत्रकार. कालच्या ठिकाणी प्रत्येक शाळेच्या मुख्य प्रशिक्षकाला तळहाताएवढी पिवळी चिठ्ठी दिली होती. स्वतःच्या पोराचं नाव लिहायचं नाही, एवढाच नियम.

आता ऐक. २१५ पौंडांत एक पोरगा होता, खांदे बैलासारखे. चार कुस्त्या, चारही चितपट, सगळ्या मिळून पाच मिनिटंसुद्धा गादीवर नव्हता. फायनल ४८ सेकंदांत. जबरदस्त ताकद, आणि नुसती ताकद नाही, पकडही चांगली. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

दुसरा १२० पौंडांचा. सकाळी त्याला मानांकनसुद्धा नव्हतं. सेमीफायनलला त्यानं पहिल्या मानांकनाच्या पोराला हरवलं, तेही उजव्या भुवईवर पट्टी बांधून. दोनदा रक्त आलं, दोनदा डॉक्टरनं पुसलं, आणि दोन्ही वेळा हा गडी गुडघ्यावर बसून घड्याळाकडं बघत राहिला. फायनलला दुसरं मानांकन समोर. शेवटच्या फेरीत हा एका गुणानं मागं आणि खाली अडकलेला, वरचा पोरगा त्याचा घोटा सोडेना. अकरा सेकंद उरली असताना यानं कंबर फिरवली, हात झटकला, सुटला. सुटल्याचा एक गुण, म्हणजे बरोबरी. मग जादा एक मिनिट, त्यात जो आधी खाली आणेल तो जिंकला. यानं एकेरी पट काढला, आणि पाय हातात आल्यावर घाई केली नाही मर्दा! समोरच्याला गादीच्या कडेपर्यंत उड्या मारत नेलं आणि मग खाली बसवलं. वस्ताद आपल्याला ओरडायचे ना, "पाय घावला म्हणून कुस्ती घावली नव्हं," तेच डोळ्यांसमोर होतं. मी पेन टाकून उभाच राहिलो.

पण तोवर चिठ्ठ्या गोळा झाल्या होत्या.

फायनल कुठल्या वजनापासून सुरू करायची याची सोडत निघते. काल १५० निघालं. म्हणजे १५० ते २८५ अशा सात कुस्त्या आधी, आणि मग १०६ पासून १४४ पर्यंत सात. २८५ ची फायनल संपली आणि आयोजकांपैकी एक जण डबा घेऊन फिरला. बक्षीस समारंभ वेळेत उरकायचा होता. सोळा चिठ्ठ्या मीच मोजल्या. नऊ २१५ वाल्याला, बाकीच्या चौघांत विखुरलेल्या. १२० वाल्याचं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं, कारण त्याची फायनल कुणी बघितलीच नव्हती. ती अजून व्हायची होती.

मी टेबलावरच्या माणसाला म्हणालो, थांबू या. तो भला माणूस आहे, पण म्हणाला, "नाव आतमध्ये कळवलंय."

रात्री गाडी चालवताना मला आणखी एक गोष्ट लक्षात आली. चिठ्ठ्या शेवटी गोळा केल्या असत्या तरी त्याची सेमीफायनल कितीजणांनी पाहिली होती? सहा गाद्यांवर एकाच वेळी कुस्त्या चालतात आणि प्रशिक्षक आपल्या पोराच्या कोपऱ्यात खुर्चीवर असतो. बाकीचं त्याला फोनवरच्या तक्त्यात दिसतं. तिथं '४८ सेकंद' चमकतं. भुवईवरची पट्टी तक्त्यात दिसत नाही.

मतानं चांगलं ठरूच शकत नाही असं मला म्हणायचं नाही. डॅन गेबलचं नाव तुला ठाऊक आहे, आयोवातल्या वॉटर्लूचा. शाळा आणि कॉलेज मिळून ओळीनं १८१ कुस्त्या जिंकला होता. १९७० मध्ये एव्हान्स्टनला कॉलेजची राष्ट्रीय स्पर्धा, १४२ पौंडांची फायनल, समोर वॉशिंग्टन विद्यापीठाचा लॅरी ओविंग्ज. ओविंग्ज १३-११ नं जिंकला. त्या वर्षीचा ओ. डब्ल्यू. ओविंग्जलाच मिळाला. गेबल मोठाच होता, दोन वर्षांनी म्युनिकला एकही गुण न देता त्यानं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. पण त्या दिवशी गादीवर कुणी काय केलं, ते बघून मत पडलं. मला ते मत रास्त वाटतं.

आपल्याकडच्या जत्रेत कुस्ती रंगली की फडातला एखादा म्हातारा उठून आत येतो, खिशातली नोट पैलवानाच्या हातावर ठेवतो, आणि पुष्कळदा हरलेल्याच्याही. माईकवर नाव पुकारतात. त्यात नियम नाही, चिठ्ठी नाही, पण देणाऱ्यानं कुस्ती डोळ्यांनी बघितलेली असते. कालच्या नऊ चिठ्ठ्यांत मला तेच सापडलं नाही.

आपलं पोरगं १२६ पौंडांत पहिलीच कुस्ती हरलं. इथं हरलेल्यांना खालच्या बाजूनं पुन्हा चढता येतं, तसा सलग पाच जिंकून तिसरा आला. घरी येताना मी त्याला विचारलं, तू कुणाला दिलं असतंस? एक क्षण न थांबता म्हणाला, "वन-ट्वेंटी." सरावाला तो त्याच्याशी दोनदा लढलाय.

पुढच्या शनिवारी आमच्या शाळेत स्पर्धा आहे आणि टेबल माझ्याकडं आहे. प्रशिक्षकांना आज सकाळीच सांगितलं, चिठ्ठ्या शेवटची फायनल झाल्यावरच वाटायच्या, समारंभ वीस मिनिटं उशिरा झाला तरी चालेल. आणि सेमीफायनलमध्ये मानांकनाला धक्का देणाऱ्यांची नावं आधी माईकवर वाचून दाखवायची. ते हो म्हणाले.

१२० ची फायनल एका पालकानं फोनवर घेतलीय. उद्या पाठवतो. घोटा सुटतो ती अकरा सेकंदं दोनदा बघ, आणि वस्तादांनाही दाखव. त्यांना लांबचं नीट दिसत नाही म्हणालास, तर मोठ्या टीव्हीवर लाव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
तालमीतला जोडीदार