हिरव्या गच्चीत पाणी मावतं तरी किती?

मा. संपादक,
स. न.

हल्ली ग्रीन रूफबद्दल जे छापून येतं ते वाचलं की वाटतं गच्चीवर हिरवळ टाकली म्हणजे मुंबई तुंबायची थांबलीच. जरा हिशोब बघा. १० सेंमी मातीच्या थरात फार तर ३०-४० मिमी पाऊस मावतो, तोही माती आधी कोरडी असेल तर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, तो सोडाच, पण साध्या जुलैतही पहिल्या सरीने माती भरली की पुढच्या सरीला जागा होते ती झाडांनी आणि मातीने मधल्या वेळात जेवढं पाणी हवेत सोडलं तेवढीच, आणि ढगाळ दमट हवेत ते दिवसाला ३-४ मिमी झालं तरी डोक्यावरून पाणी.

मग थर जाड करा म्हणाल तर स्लॅबचं काय? वापरत्या गच्चीवर माणसं-सामान मिळून चौरस मीटरला साधारण १५० किलोचा लोड धरतात, आणि बागेतली साधी माती १० सेंमी टाकली तरी भिजल्यावर ती एकटीच १८०-२०० किलो भरते. म्हणून तर विटांचा चुरा वगैरे घालून हलकं मिश्रण करतात.

झाडांचंही तेच. परदेशी फोटोत दिसतं ते जाड पानांचं सेडम, पाणी कमी पडलं की दिवसा पानांची रंध्रं मिटून बसतं, त्यामुळे तगतं मस्त पण माती लवकर रिकामी करत नाही. गवत भराभर पाणी ओढतं, गच्चीही गार ठेवतं, पण मे महिन्यात टँकरचं पाणी घालणार कोण? कासच्या पठारावर बघा, कातळावर जेमतेम माती, पावसात सगळं उगवतं, फुलतं आणि पाऊस गेला की वाळून जातं, बी नि कंद तेवढे मागे राहतात. अशा जातीची झाडं गच्चीवर लावून बघायला हवीत (तिथली उपटून आणा असं म्हणत नाहीये हां).

अ‍ॅमस्टरडॅममध्ये तर मातीखाली पोकळ क्रेट बसवतात, पाणी तिथं साठतं, वातीतून तेल चढावं तसं वर झाडांना मिळतं, आणि मोठ्या पावसाचा अंदाज आला की व्हॉल्व्ह उघडून आधीच जागा करून ठेवतात. मला हे जास्त पटतं, अर्थात स्लॅब तपासून आणि डासांचा बंदोबस्त करूनच.

तुमच्या पुरवणीत 'ग्रीन टेरेस'वाल्या बिल्डरांच्या जाहिराती येतात, त्यांना एकदा विचारा ना, थर किती, पाणी किती मिमी मावतं आणि दोन सरींच्या मध्ये त्यातलं रिकामं किती होतं.

- एक वाचक, ठाणे