शेऱ्याच्या रकान्याबद्दल आभार

आदरणीय साहेब,

सादर नमस्कार.

तुम्ही सेवानिवृत्त झाल्याचं कळलं. प्रबंधात तुमचं नाव घालायचं नाही, असं तुम्ही तेव्हा बजावलं होतं, म्हणून तिथे 'उपकेंद्रातील अधिकाऱ्यांचे आभार' एवढंच छापलं गेलं. नाव आजही लिहीत नाही. पण मी आज ज्या विषयाची प्राध्यापक आहे, तो विषय मला तुमच्या ट्रान्सफॉर्मरच्या नोंदवह्यांनी दिला, हे चारचौघांत सांगायचं राहून गेलं होतं.

पीएचडी करताना मी विदर्भातल्या तुमच्या 400 केव्ही उपकेंद्रात आले, तेव्हा माझ्याकडे फक्त प्रयोगशाळेतले नमुने होते. तेल आणि कागद, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या आतलं इन्सुलेशन, ओव्हनमध्ये तापवत ठेवायचे आणि त्यावरून ट्रान्सफॉर्मरच्या आयुष्याचा अंदाज बांधायचा. तेल गाळता येतं, बदलता येतं. वाइंडिंगवरचा, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांवरचा कागद बदलता येत नाही. त्याच्या सेल्युलोजच्या साखळ्या नव्यात सुमारे 1000 दुव्यांच्या असतात आणि 200च्या आसपास आल्या की कागदात जीव उरत नाही. हे ओव्हनमध्ये मोजता येतं. पण खऱ्या ट्रान्सफॉर्मरला विदर्भाचा उन्हाळा असतो, रात्री उतरणारा लोड असतो, लाइनवरच्या फॉल्टचे धक्के असतात. ते सगळं तुमच्या कपाटात, तुमच्या अक्षरात होतं. त्या नोंदी वापरायला मुख्यालयाची परवानगी हवी होती. अर्ज कोणाकडे आणि कसा करायचा हे तुम्ही सांगितलंत, पाठपुरावाही केलात.

एक पान मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. तेलात विरघळलेल्या वायूंचे आकडे, त्यात अॅसिटिलीन वाढलेला. ड्युव्हल त्रिकोणात, म्हणजे वायूंच्या प्रमाणावरून बिघाडाचा प्रकार दाखवणाऱ्या आकृतीत, मांडलं तर बिंदू थेट विद्युत ठिणगीच्या भागात जात होता, म्हणजे युनिट बंद करून उघडायची वेळ. पण शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही लिहिलं होतं : 'टॅप चेंजरचे सील लीक. तेल मेन टँकमध्ये. वाइंडिंग ठीक.' टॅप चेंजर म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करणारा स्विच; ठिणगी पडणं हे त्याचं रोजचंच काम, वायू तिथून आला होता. सील बदलून तेल गाळल्यावर पुढच्या नमुन्यांत तो वाढला नाही, हेही खाली नोंदलेलं. माझ्या प्रबंधाचा गाभा याच प्रश्नावर उभा राहिला: वायू कोणता, याच्याइतकंच तो आला कुठून.

नमुना घ्यायलाही तुम्हीच शिकवलंत. व्हॉल्व्हमधलं साचलेलं तेल आधी सोडून द्यायचं, काचेची सिरिंज उजेडात धरून बुडबुडा नाही ना बघायचं, उन्हापासून झाकायची आणि तेलाचं तापमान तिथल्या तिथे लिहायचं. तापमानाबरोबर ओलावा कागदातून तेलात आणि परत कागदात जातो. तापमान लिहिलं नसेल तर ओलाव्याच्या आकड्यावरून काय ठरवणार? एवढ्या काळजीने, कोणी तपासणार नाही हे माहीत असून, वर्षानुवर्षं लिहिणारा माणूस मी संशोधनातही क्वचितच पाहिला.

आता माझे विद्यार्थी याच वायूंवर मशीन लर्निंगची मॉडेल्स बांधतात. डेटा आला की मी पहिल्यांदा शेऱ्याचा रकाना मागते. बऱ्याच ठिकाणी तो कोराच येतो, आणि मग मला तुमची फार आठवण होते.

पुढच्या सत्रात दोन तास आमच्या मुलांशी बोलायला याल का? मराठीतच बोला. गाडी पाठवते, काकूंनाही घेऊन या.

तुमची कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी