मंत्रीसाहेब, वडिलांच्या आदर्श शिक्षक पुरस्काराची फ्रेम आता भिंतीवर ठेवू की काढू?

मा. शिक्षणमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, २१ वर्षं झाली, सध्या दुसरी-तिसरी एकत्र माझ्याकडे. ५ सप्टेंबरच्या आसपास आमच्या जिल्ह्याची आदर्श शिक्षकांची यादी व्हॉट्सॲपवर आली आणि त्यात एक नाव असं, ज्यांनी पाच-सहा वर्षं खडू हातात धरलेला नाही. प्रतिनियुक्तीवर ऑफिसात असतात. ग्रुपवर शे-दोनशे अभिनंदनं पडली, मी पण एक टाकलं, कारण नाही टाकलं तर लक्षात ठेवतात.

गेल्या वर्षी शिक्षण परिषदेत एका मोठ्या साहेबांनी माईकवर शब्द दिला होता की आता पुरस्कारासाठी फाईल बघणार नाही, शाळेत येऊन मुलांना वाचायला लावू. कोणी आलं नाही. मग मी पण प्रस्ताव केला, २८० पानं, कलर फोटो, कात्रणं, सरपंचांचं पत्र, तीन प्रती, झेरॉक्स-बाइंडिंगचे चार हजार गेले आणि त्या आठवड्यात मुलांच्या वह्या तपासायच्या राहिल्या. जो शिकवत नाही त्यालाच फाईल जाड करायला वेळ मिळतो, हे तुमच्या खात्यात कोणालाच कळत नाही का?

माझे वडीलही शिक्षक. १९८७ ला त्यांना जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, अर्ज न करता. विस्तार अधिकारी न सांगता शाळेवर आले, चौथीतल्या एका मुलीला फळ्यावर भागाकार करायला लावला, शेरेबुकात अर्धं पान लिहून गेले. ते प्रमाणपत्र अजून बाहेरच्या खोलीत आहे, फ्रेमला वाळवी लागली तेव्हा आईने रॉकेलचा बोळा फिरवून वाचवलं. यंदा गणपतीत नात्यातला एक कॉलेजचा मुलगा ते वाचून सहज म्हणाला, "आजोबांनी किती दिले होते?" आई ताटं वाढत होती, तिने मान वर केली नाही. मी त्याला रागावले, पण त्याचं काय चुकलं? तो आजच्याच याद्या बघत मोठा झालाय. एका चुकीच्या नावाने आधी ज्यांनी मान कमावला त्यांचाही बाटतो साहेब, गेलेल्या माणसाचा सुद्धा.

आणि हे फक्त आमच्या जिल्ह्यापुरतं नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारालाही २०१८ पासून शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन आपलं नाव भरायचं. पद्म पुरस्कारांच्या खटल्यात १९९५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे किताब नाहीत, नावाच्या पुढेमागे लावू नका, तरी लोक लावतातच, आमच्याकडे तर गाडीच्या काचेवर 'आदर्श शिक्षक' असतं. आम्ही बाकीचे बीएलओ म्हणून मतदार याद्या करा, पोषण आहाराचा तांदूळ मोजा, रोज नवीन लिंक भरा, आणि उरलेल्या वेळात शिकवा.

अर्ज बंद करा. ज्याला पुरस्कार द्याल त्याच्या वर्गाचा तपासणी शेरा सगळ्यांना वाचायला ठेवा. वर्गच नसेल तर नाव काढून टाका, जाहीर झालं असलं तरी. आमच्या शेरेबुकात वर्ग बघून लिहिलेला शेवटचा शेरा अडीच वर्षांपूर्वीचा आहे. शाळा साडेदहाला भरते, न सांगता कोणालाही पाठवा.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका