लाकडी डेकचा बाहेर काढलेला भाग आणि त्याचे आतले टोक

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शेतातील घरांना व नव्या बंगल्यांना पहिल्या मजल्यावर लाकडी डेक करण्याची आवड वाढली आहे. खाली गाडीला जागा मोकळी राहावी म्हणून पुढचे खांब गाळले जातात आणि डेक पाच-सहा फूट अधांतरी बाहेर काढला जातो. सागवान कोणते आणि पॉलिश कसले यावर मिस्त्रीशी तासन्‌तास चर्चा होते; तुळई आधाराच्या आत किती गेली आहे आणि तिथे ती कशाने धरली आहे, हे क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते सर्वांत आधी विचारण्याचा प्रश्न तोच आहे.

बाहेर आलेल्या तुळईची लांबी दुप्पट केली की तिला आधारापाशी वाकवणारा जोर चौपट होतो, आणि आधारापाशी ती पक्की धरलेली असली तरी टोकाचा झोल सोळापट होतो. त्यामुळे तीन फुटांना टिकलेली तुळई सहा फुटांनाही टिकेल, असे मानता येत नाही. आयएस ८७५ (भाग २) या भारतीय मानकानुसार घराच्या बाल्कनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो भार धरावा लागतो. तुळई आत ३ मीटर व बाहेर दीड मीटर असेल आणि माणसे फक्त बाहेरच्या भागात उभी असतील, तर डेकचे स्वतःचे वजन सोडून, रुंदीच्या दर मीटरमागे आतले टोक सुमारे ११२ किलोच्या जोराने वर उचलले जाते. आतली लांबीही दीड मीटरच ठेवली, तर हा जोर २२५ किलोंवर जातो. तो पेलायला आरपार बोल्ट आणि लोखंडी पट्टी हवी, कारण नुसते खिळे हळूहळू उपसून येतात. अमेरिकेत डेकच्या प्रचलित मार्गदर्शिकेत बाहेरचा भाग तुळईच्या आतल्या लांबीच्या एक चतुर्थांशापर्यंतच ठेवण्यास सांगितले आहे. आपल्याकडे सर्रास निम्मा आणि कधी त्याहूनही जास्त काढतात.

दुसरी गोष्ट खाचेची. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईत ताण खालच्या अंगाला येतो, तर बाहेर काढलेल्या तुळईत तो आधारापाशी वरच्या अंगाला येतो. तरीही फळी समपातळीत बसावी म्हणून नेमकी तिथेच वरून खाच पाडलेली मी पाहिली आहे. लाकूड सर्वांत जाड हवे तिथेच ते पातळ केले जाते.

खान्देशात आखाजीला झोके बांधण्याची रीत आहे आणि आता ते डेकच्या बाहेरच्या टोकालाही टांगले जातात. उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत जाणारा झोका खालून जाताना दोरीवर बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट ओढ देतो. झोका जरूर बांधावा, पण भक्कम झाडाला किंवा आतल्या तुळईला.

आपले हवामानही लाकडाची परीक्षा घेते. भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात लाकूड आकसते, चिरा पडतात, बोल्ट सैल होतात, आणि जूनमध्ये त्याच फटींतून पाणी भिंतीतल्या न दिसणाऱ्या भागात मुरते. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जून २०१५ मध्ये दहा वर्षेही न झालेल्या इमारतीची अशीच बाहेर काढलेली बाल्कनी कोसळून सहा तरुण मृत्युमुखी पडले. भिंतीजवळ तिच्या तुळया पाण्याने कुजल्या होत्या. त्यानंतर २०१८ मध्ये तेथे भाड्याच्या, तीन किंवा अधिक घरांच्या इमारतींतील अशा लाकडी भागांची दर सहा वर्षांनी तपासणी कायद्याने सक्तीची झाली.

नगरपालिकांनी व ग्रामपंचायतींनी लाकडी डेकला परवानगी देताना आतली लांबी आणि आतल्या टोकाची बांधणी दाखवणारा, अभियंत्याच्या सहीचा छेद-नकाशा मागावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्यांचे डेक आधीच उभे आहेत, त्यांनी पाऊस सुरू होण्याआधी भिंतीलगतच्या तुळईत स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला किंवा उधईची माती दिसली, तर अभियंत्याने पाहीपर्यंत डेकवर कोणालाही जाऊ देऊ नये.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, अमळनेर