निर्णय बंद दाराआड, तर अहवाल कशाला?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कॅलिफोर्नियातील पॉइंट रेज राष्ट्रीय सागरकिनाऱ्यावरील गुरेचराईचा वाद 2025च्या जानेवारीतील करारामुळे मिटला, असे म्हटले जाते. त्या किनाऱ्यापासून फार दूर न राहणारी एक मराठी वाचक म्हणून मला ते मान्य नाही.

1962मध्ये हे उद्यान जाहीर झाल्यावर सरकारने तेथील पशुपालकांच्या जमिनी विकत घेतल्या आणि पुढे त्याच जमिनी त्यांना भाडेपट्ट्याने दिल्या. उद्यानाच्या 1980च्या जुन्या व्यवस्थापन आराखड्यावर विसंबून हे पट्टे वाढवले जात आहेत, म्हणून 2016मध्ये तीन पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. आधी परिणाम तपासा, मग पट्टे द्या, हे त्यांचे म्हणणे रास्तच होते. सरकारी जमिनीवरील गोठ्यांचे शेणमूत ओढ्यांत उतरत असेल, आणि गुरांच्या कुरणांपासून दूर ठेवण्यासाठी कुंपणाआड कोंडलेल्या ट्यूली एल्क या हरणांचा जवळजवळ निम्मा कळप 2012 ते 2014च्या दुष्काळात मरत असेल, तर जाब विचारायलाच हवा.

2017च्या तडजोडीनुसार पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करण्याचे ठरले. त्यावर लोकांनी हजारो हरकती व सूचना पाठवल्या, 2020मध्ये अंतिम अहवाल आला, आणि 2021मध्ये उद्यान प्रशासनाने 20 वर्षांपर्यंतचे पट्टे देण्याचा निर्णय घेतला. 2022च्या जानेवारीत त्याही निर्णयाला आव्हान दिले गेले. येथवर सारे उघड्यावर चालले होते.

त्यानंतर मात्र गोपनीय वाटाघाटी झाल्या, एका खासगी संस्थेने पैसे दिले (रक्कम जाहीर झाली नाही), आणि 12 पशुपालकांनी 15 महिन्यांत जागा सोडण्याचे मान्य केले. प्रशासनाने जुन्याच अहवालाच्या आधारे आपला निर्णय बदलला. गोठ्यांवर राबणारी, तेथेच भाड्याने राहणारी आणि आता घर गमावणारी मजुरांची कुटुंबे त्या वाटाघाटींत पक्षकार नव्हती. पर्यावरणाच्या बाजूने झालेला निकाल म्हणून मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण ज्या कायद्याच्या आधारे हे दावे उभे राहिले, त्याचा गाभाच लोकांना आधी सांगणे आणि त्यांचे ऐकणे हा आहे.

सार्वजनिक जमिनीविषयीची अशी तडजोड अमलात येण्यापूर्वी तिचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर हरकती मागवण्याचे बंधन असावे, आणि त्या जमिनीवर राहणाऱ्या मजुरांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे, अशी माझी मागणी आहे.

आपली,
एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया