मुलींचा सामना छापा-काट्यावर गेला, मंत्रीमहोदय

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

विषय: हिवाळ्यातले रद्द सामने आणि दोन वर्षांपूर्वी मिळालेला छताचा शब्द

सविनय नमस्कार.

मी नाशिक जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. दिवसा अंगणवाडी, आणि पहाटे व संध्याकाळी गावातल्या मुलींची कबड्डी. ही दुसरी नोकरी बिनपगारी आहे आणि तिला यंदा एकोणीस वर्षं झाली. आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. पण गेल्या मंगळवारपासून मला धड झोप नाही, त्यामुळे थोडक्यात जमेलसं वाटत नाही.

मंगळवारी आमच्या मैदानावर तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धा होत्या. मुलींचे तिन्ही वयोगट एकाच दिवशी. मैदान आम्हीच तयार केलं. दोन ट्रॉली माती आणली, मुलींनी ती चाळणीतून चाळली, पाणी मारलं, रोलर फिरवला, सोमवारी संध्याकाळी फक्की मारून रेषा आखल्या. बारा बाय आठ मीटरचं ते अंगण इतकं साफ झालं होतं की आमच्या संघात डाव्या कोपऱ्यावर खेळणारी मुलगी त्यावर पाय ठेवायला तयार होईना. कडेकडेनं चालत घरी गेली.

रात्री दोनला पाऊस आला. डिसेंबरात. इशारा होता, नाही असं नाही. अरबी समुद्राकडून ओलं वारं आलं आणि उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पाऊस आणणारी हवा, सरकत आला की आमच्याकडे हे असं होतं, हे आता शेतकऱ्याच्या पोरालासुद्धा पाठ आहे. आमचे हे रात्रीच्या लाईटीवर कांद्याला पाणी भरायला गेले होते. मी आणि सासूबाई धावलो. शेततळ्याचा जुना कागद होता तो मैदानावर पसरला, कडेला टायर ठेवले, दगड ठेवले. वारं असं होतं की एक कोपरा दाबला की दुसरा उडायचा. तासाभराने मुलींचे बाप आले, चौघे कोपरे धरून उभे राहिले. पहाटे साडेपाचला बघितलं तर कागदाच्या मधोमध पाण्याचं पोट आलेलं. उचलताना ते फुटलं आणि सगळं पाणी मध्यरेषेवर गेलं.

मग गोणपाटं. घमेली. गावातल्या वखारीतून लाकडाचा भुसा. सातवी-आठवीच्या मुली त्या गारठ्यात गुडघ्यावर बसून गोणपाट पिळत होत्या आणि त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. अकरापर्यंत एक सामना झाला. त्यात एक मुलगी चढाईला गेली, घसरली, मनगट सुजलं. पंचांनी खेळ थांबवला. दुपारी पुन्हा भुरभुर सुरू झाली. अकरा सामने बाकी, राखीव दिवस नाही, दुसऱ्या दिवशी तेच पंच दुसऱ्या स्पर्धेला जाणार. शेवटी सतरा वर्षांखालच्या मुलींचा निकाल नाणेफेकीने लावायचं ठरलं.

दोन रुपयांचं नाणं होतं. आमच्या कर्णधाराने छापा म्हटलं. काटा पडला.

मी त्या पंचांना दोष देत नाही. त्यांच्या हाताला थंडीने कंप सुटला होता, आणि समोर चिखल होता. पण त्या मुलीने मला विचारलं, "ताई, आपण हरलो असं लिहिणार का?" ती दहावीला आहे. हे तिचं शेवटचं वर्ष. वरच्या पातळीवर खेळली असती तर दहावीला वाढीव गुण होते, पुढे कधीतरी सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाचा दरवाजा होता. तो दरवाजा आमच्या घरातल्या मुलींसाठी एकच आहे, साहेब. बाकीच्या दारांना फी लागते. चार वर्षं ती पहाटे सव्वापाचला उठून मैदानावर आलीय. धुई इतकी असते की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही. टाचांच्या भेगा रक्ताळतात, रात्री कोकमतेल चोळून मोजे घालून झोपतात आणि सकाळी पुन्हा अनवाणी गार मातीत उभ्या राहतात. हे सगळं एका नाण्यावर गेलं.

आता शब्दाचं सांगते.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतर, आमच्या गावच्या स्पर्धेच्या बक्षीस वितरणाला एक मोठे लोकप्रतिनिधी आले होते. नाव लिहीत नाही, पण सभागृहात तुमचे सहकारीच आहेत. त्यांनी माईकवर सांगितलं, "पुढच्या हिवाळ्यात या मुली छताखाली खेळतील." टाळ्या झाल्या. नारळ फुटला. मुलींनी त्यांच्या पाया पडून फोटो काढले. तो नारळ मी खोबरं करून मुलींना वाटला होता, म्हणून तारीखसुद्धा लक्षात आहे. त्यानंतर ग्रामपंचायतीचा ठराव मागितला, दिला. सातबारा मागितला, दिला. अंदाजपत्रक मागितलं, ते करून दिलं. मग आचारसंहिता लागली. मग ती उठली तर निधी नव्हता. मग फाईल कुठल्या टेबलावर आहे हे कोणाला माहीत नव्हतं. नऊ खेपा घातल्या मी. प्रत्येक खेपेला अंगणवाडीची एक रजा, येण्या-जाण्याचं भाडं, आणि बाहेरच्या बाकावर बसून साहेब मीटिंगमध्ये आहेत हे ऐकणं. दहाव्या खेपेला गेले नाही, कारण त्या आठवड्यात गारठ्याने सासऱ्यांचा दमा उठला होता आणि त्यांना दवाखान्यात न्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तालुका क्रीडा संकुल आहे की. कागदावर आहे. तालुका संकुलाचा खर्च सरकारने २०२२ साली एक कोटीवरून पाच कोटी केला, तेव्हा मी ती बातमी कापून ठेवली होती. आमच्या भागातल्या संकुलात धावपट्टीवर गवत आहे आणि हॉलला कुलूप आहे. किल्ली ज्यांच्याकडे असते ते सुट्टीवर असतात. मी पाच कोटी मागतच नाही. आमच्या गावातल्या वेल्डिंगवाल्याने एका कबड्डी मैदानावर लोखंडी कैच्या आणि पत्र्याचं छत टाकायचे चौदा लाख सांगितले. भिंती नकोत, फरशी नको, खुर्च्या नकोत. राज्यात ३५८ तालुके. प्रत्येक तालुक्याला एक असं छत धरलं तर हिशोब पन्नास कोटींच्या आसपास जातो. त्याच नाशकात सिंहस्थासाठी हजारो कोटींची कामं चालली आहेत. कुंभ व्हावा, त्याला ना नाही, आमच्या घरातलेही जातील. पण त्यातला एक थेंब मुलींच्या मैदानावर का पडत नाही, हे मला कोणी समजावून सांगावं. पडतो तो फक्त पाऊस.

३ डिसेंबर २०२१ ची गोष्ट आठवते का? वानखेडेवर न्यूझीलंडची कसोटी होती आणि अवकाळीने मैदान ओलं झालं म्हणून नाणेफेकसुद्धा लांबली. तिथे मैदान सुकवायला यंत्रं होती, माणसं होती, थांबायला वेळ होता, आणि मग सामना खेळला गेला. नाणं फक्त कोणी आधी खेळायचं हे ठरवायला उडालं. त्याच पावसाने त्याच आठवड्यात पुणे-नगरकडे शेकडो मेंढ्या थंडीने काकडून मेल्या, धनगरांनी रस्त्याकडेला ओळीने मांडून ठेवल्या होत्या. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. थांबायला वेळ मात्र सगळ्यांना सारखा मिळत नाही.

आणि हिवाळा आमच्याकडे फक्त मैदानावर येत नाही. निफाडच्या थंडीच्या बातम्या तुम्ही दरवर्षी टीव्हीवर बघता, पारा पाच-सहाच्या खाली गेला, दवबिंदू गोठले, नांदूरमध्यमेश्वरला पाहुणे पक्षी आले. त्या बातमीत आमच्या शेकोट्या दिसतात. त्या शौकाच्या नाहीत. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागेत रात्रभर धूर करतो आम्ही. २६ नोव्हेंबर २०२३ ला गारपीट झाली तेव्हा आमची दीड एकर बाग फुलोऱ्यातून नुकती बाहेर पडली होती. सकाळी वेलींखाली हिरव्या मण्यांचा आणि गारांचा एकत्र सडा होता. पंचनामा झाला. जे पैसे आले त्यात औषधांची उधारीसुद्धा फिटली नाही. माझ्या दोन पाटल्या तेव्हा गहाण पडल्या, त्या अजून सोडवलेल्या नाहीत. त्याच वर्षी मुलींच्या गुडघ्याचे पट्टे मी घेतले, कारण सरकारकडून त्यासाठी काही येईल याची वाट बघण्यात मुली मोठ्या होऊन लग्न करून जातात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या पहिल्या संघातल्या सातपैकी पाच जणी आज आई आहेत आणि एकीनेही राज्याचं मैदान बघितलेलं नाही.

रात्रीच्या लाईटीचं मघाशी लिहिलं, ते तसंच सोडवत नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज देऊ म्हणून २०१७ साली सौर वाहिनी योजना आली, २०२३ ला तिचा दुसरा अवतार आला. आमच्या फीडरला अजूनही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. डिसेंबरच्या रात्री दोन वाजता गुडघाभर गार पाण्यात उभं राहून बारं द्यायचं, उसाच्या कडेला बिबट्याचे डोळे चमकतात का ते बॅटरीने बघत. हे खातं तुमचं नाही, मला कळतं. पण आमच्याकडे सगळी खाती एकाच घरात येतात. ज्या मुलीचा बाप रात्रभर पाणी भरतो, तिला पहाटे मैदानावर सोडायला कोणी नसतं. मग ती येत नाही. मग तिची जागा जाते. ऊर्जा खातं, कृषी खातं, क्रीडा खातं, महिला-बालविकास, सगळ्यांची मिळून ती एक मुलगी घरी बसते, आणि कोणत्याच खात्याच्या अहवालात तिचं नाव येत नाही.

दरवर्षी १५ जानेवारीला तुम्ही राज्य क्रीडा दिन साजरा करता, खाशाबा जाधवांच्या जन्मदिवशी. चांगलं करता. पण १९५२ ला ते हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण ठेवलं होतं, हेही भाषणात सांगत जा. सत्तर वर्षं होऊन गेली. अजूनही कोणीतरी काहीतरी गहाण ठेवतं तेव्हाच खेड्यातलं पोर मैदानावर उभं राहतं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कबड्डीत इराणच्या मुलींनी आपल्या मुलींना २७-२४ असं हरवून सुवर्ण नेलं. त्यांच्या प्रशिक्षक शैलजा जैन, आमच्या नाशिकच्या. त्या दिवशी मी रडले, आणि कशासाठी रडले हे मला अजून नीट सांगता येत नाही. आपला संघ हरला म्हणून, की आपल्या गावची बाई दुसऱ्या देशाला जिंकवून देते म्हणून. ज्ञान आपल्याकडे आहे, मुली आपल्याकडे आहेत. कोरडं अंगण नाही.

आणि जिथे कोरडं आहे तिथे काय चाललंय? बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं याच राज्यात बाहेर आली. कधी मैदानावर न उतरलेल्यांच्या हातात कागद होता. आमच्या मुलीच्या पायात चिखल आहे आणि हातात कागद नाही. तुम्ही त्या खात्याचे मंत्री आहात. तुम्हाला याचा राग येत नाही का?

मागणं मोठं नाही. शालेय स्पर्धांच्या वेळापत्रकात हिवाळ्यासाठी राखीव दिवस ठेवा. पाऊस असो, धुई असो, सामना नाण्यावर जाणार नाही असा लेखी आदेश काढा, त्याला एक रुपयाही लागत नाही. ज्या गावात मुलींचा संघ आहे तिथे पत्र्याचं छत द्या, आणि जमलं तर एक मॅट. वरच्या पातळीवर निवड मॅटवर होते आणि आमच्या मुली आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवतात तो निवडीच्या दिवशीच. घसरतात. निवडणारे म्हणतात, पोरगी घाबरली. ती घाबरलेली नसते.

आणि मंगळवारचा तो सामना पुन्हा खेळवा. समोरच्या संघाच्या बाईंशी मी बोलले आहे. त्यांच्या मुलीही म्हणतात की असं जिंकायचं नव्हतं आम्हाला. त्या आमच्या गावी यायला तयार आहेत, स्वतःच्या खर्चाने, रविवारीसुद्धा. फक्त निकाल अधिकृत धरला जाईल एवढं कोणीतरी सहीशिक्क्याने सांगायला हवं.

मैदान अजून ओलं आहे. शनिवारी आणखी एक ट्रॉली माती येणार आहे, पैसे मुलींच्या आयांनी जमवलेत. डाव्या कोपऱ्याची मुलगी चार दिवस आली नव्हती. आज पहाटे आली, काही बोलली नाही, चाळणी घेतली आणि माती चाळायला बसली.

आपली,
गोदाकाठची एक कबड्डी शिकवणारी अंगणवाडी सेविका