पावडरीचा डबा देण्याआधी क्रिएटिनिन विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या अण्णांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीनंतर पाय सुजले. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि कितीतरी वेळ तसाच राहायचा. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन २.८ निघालं, ते साडेतीनच्या वर हवं. किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिन २.३, म्हणजे वाढलेलं. रिपोर्ट बघून मेडिकलवाल्यानं ‘प्रोटीन कमी झालंय’ म्हणत अमिनो ॲसिडच्या, म्हणजे प्रथिनं ज्यांपासून बनतात त्या घटकांच्या, पावडरीचा डबा दिला. मीच रोज दोन वेळा दुधात कालवून देत होतो. महिन्यानं अल्ब्युमिन २.७ आणि युरिया ६२ वरून १०४! अण्णांना भाकरीचा वाससुद्धा नको झाला.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी आधी लघवी तपासली. प्रथिनं तिथूनच जात होती. अल्ब्युमिन तयार होतं यकृतात, पण किडनीतून गळती चालू असताना पावडर देणं म्हणजे फुटक्या हौदात टँकर रिकामा करणं. शिवाय शरीराला न लागलेल्या अमिनो ॲसिडमधल्या नायट्रोजनचा युरिया होतो आणि तो बाहेर टाकायचा भार पुन्हा त्याच थकलेल्या किडनीवर पडतो. पावडर बंद केली, बीपी-शुगरवर नीट लक्ष ठेवलं, गळती कमी करणारी गोळी सुरू झाली. प्रथिनं जेवणातूनच, वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम. आता युरिया उतरलाय, अण्णा जेवतात. किडनीच्या रुग्णाला डॉक्टर कधी कधी कीटो-ॲनालॉगच्या, म्हणजे अमिनो ॲसिडशी मिळत्याजुळत्या पदार्थांच्या, गोळ्या देतात, पण त्यांतल्या कीटो-ॲनालॉगमध्ये नायट्रोजन नसतो. त्या गोळ्या आणि ही पावडर एक नव्हे.

आमचं ऐकून शेजारच्या नानांनी वरण आणि अंडी सोडली, याचं मला फार वाईट वाटलं. नाना डायलिसिसवर आहेत. डायलिसिसच्या प्रत्येक खेपेला रक्तातून काही ग्रॅम अमिनो ॲसिड निघून जातात. त्यांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे अण्णांपेक्षा जास्त. मी काकूंना त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं, तेव्हा कुठे घरात पुन्हा अंडी उकडली.

आमच्याकडे शुगर-बीपीचं माणूस घरोघरी आहे. अल्ब्युमिन कमी आल्यावर लघवीतली प्रथिनं का तपासायची, यावर आपण किडनीतज्ज्ञांकडून सविस्तर लिहून घ्यावं. आणि औषध दुकानदारांना हात जोडून सांगणं आहे, डबा देण्याआधी क्रिएटिनिनचा आकडा तेवढा विचारा.

आपला,
एक वाचक, केज (जि. बीड)